ज्वारीवरचे पाहुणे

बारामती-इंदापूरकडे रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली, की भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं. इंग्रजीतली रोझी स्टारलिंग ती हीच. मध्य आशियातून आलेल्या या पाहुण्यांना दाणे टांगून बोलवावं लागत नाही. अख्खं शिवार त्यांचंच ताट. माळ्यावर गोफण घेऊन उभ्या राखणदाराला मात्र हे कौतुक कसं रुचावं?

पण हीच भोरडी मायदेशी टोळांचा फडशा पाडते. चीनमधल्या शिनजियांगात तर टोळ आवरावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरटी उभारतात. इथे चोर, तिथे राखणदार!

इंदापूर तालुक्यात कुंभारगावला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडली की त्यांची मान खाली, चोच उलटी, गाळातून गाळून खाणं सुरू. मच्छीमारांच्या होड्या हिवाळ्यात पक्षी दाखवायला निघतात.

घरच्या अंगणात एवढा थाट नसतो. वळचणीला ज्वारीचं एखादं कणीस टांगलं तरी चिमण्या येतात. शेजारी पसरट परळात पाणी ठेवावं, ते रोज बदलावं. फरसाण मात्र आपल्याच बशीत राहू द्यावं.