लटका बेडूक आणि मरळ

माघ सरत आला की भंडारा जिल्ह्यातील तळ्यांवर जी थंडी उरते ती माणसाच्या अंगाला फारशी बोचत नाही. परंतु पाण्यात ती मुरलेली असते, आणि ज्या प्राण्याच्या रक्ताची ऊब सर्वस्वी पाण्याच्या हवाली असते त्या मरळीची भूक, चपळाई आणि राग ही तिन्ही त्या थंडीने मंदावलेली असतात. अशा दिवसांत पाण्याच्या पृष्ठभागावर खेळवायचे कृत्रिम आमिष कोणते निवडावे, हा प्रश्न हौशी गळ टाकणाऱ्याला पडतो. तो धर्मशास्त्राचा नव्हे, दुकानदाराचा प्रश्न आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण त्याच्यापाशी थोडे थांबले की हिंसा आणि असत्य हे दोन अतिप्राचीन प्रश्न त्याच्या आडून डोकावू लागतात.

व्यवहाराचे उत्तर सरळ आहे. पाणी ऊन असताना डुबुकडुबुक आवाज करणारे, पाणी उडवणारे आमिष चालते. गार पाण्यात मासा त्या गडबडीच्या वाटेला जात नाही. तेव्हा आकाराने लहान, पोकळ, मऊ रबराचा बेडूक घ्यावा, ज्याचे आकडे पाठीकडे वळलेले असल्यामुळे तो कमळाच्या पानांत आणि देवधानाच्या काडीत अडकत नाही. पहाटेचा हट्ट सोडून ऊन चढल्यावर, पाळीलगतच्या उथळ पाण्यात तो टाकावा. आणि टाकल्यावर त्याला ओढण्यापेक्षा निश्चल राहू देण्यातच कौशल्य मानावे. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी हीच विद्या वापरतात. मिशिगनमधील डोवाजॅक गावच्या जेम्स हेडन या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाससाठी लाकडाचा बेडूक कोरला आणि त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

बासमध्ये आणि मरळीत मात्र एक भेद आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बास कल्ल्यांनी पाण्यातला श्वास घेतो. वसंताच्या आरंभी तो खोल पाण्यात स्वस्थ पडून राहिला तर वर तरंगणाऱ्या खोट्या बेडकाशी त्याचा संबंधच येत नाही. मरळीला ही मोकळीक नाही. केवळ कल्ल्यांवर तिचे भागत नाही. ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतला नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. म्हणूनच ती बाजारात ओल्या गोणपाटावर तासन्‌तास जिवंत राहते, आणि म्हणूनच जाणता गळवाला पाण्याकडे नुसता न पाहता ती जिथे श्वासासाठी वर आली तिथे उठलेले वर्तुळ हेरतो व आपला लटका बेडूक त्याच्या अंगाला नेऊन ठेवतो. भुकेचा फायदा घेणे ही एक गोष्ट आणि श्वासाचा फायदा घेणे ही दुसरी. भूक आवरता येते, श्वास आवरता येत नाही.

आता असत्याचा विचार. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याची जी व्याख्या केली आहे ती वाणीची आहे: आपल्याला झालेले ज्ञान दुसऱ्याच्या ठायी पोचवण्यासाठी बोललेली वाणी फसवी, भ्रामक किंवा निरर्थक असू नये, आणि जी वाणी प्राणिमात्राच्या घाताला कारण होते ती सत्य दिसली तरी पापच. ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर मरळीला दाखवलेला रबरी बेडूक असत्यात मोडत नाही, कारण तिथे बोलणारा नाही, ऐकणारा नाही, आणि विश्वास ठेवण्याचा करारही झालेला नाही. उलट गळाला जिवंत बेडूक टोचण्याच्या जुन्या रीतीत कपट तेवढेच आणि वर एका निरपराध जिवाची तडफड. एवढ्यापुरता निवाडा मी बेधडक देईन: ज्या खोट्याने एका प्राण्याची यातना वाचते ते खोटे खऱ्या बेडकापेक्षा श्रेयस्कर आहे.

मात्र असत्याच्या आरोपातून सुटलेला माणूस हिंसेच्या आरोपातून सुटतोच असे नाही. याच जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले, तेव्हा बुद्धवचन या पाण्याच्या काठी फार पूर्वी पोचले होते यात शंका नाही. संयुत्तनिकायात लाभ, सत्कार आणि कीर्ती यांना मांस लावलेल्या गळाची उपमा दिली आहे, आणि तो गळ टाकणारा कोळी म्हणजे मोहात पाडणारा मार असे म्हटले आहे. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूतानेही माशाला गुरू केले, जिभेच्या लोभाने प्राण जातो हे शिकण्यासाठी. पण गळाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, याची त्याने विचारपूस केली नाही. निदान बुद्धाने त्याला नाव तरी दिले. आणि जी मरळ श्वासासाठी वर आली तिच्या बाबतीत जिभेच्या लोभाचे कीर्तन करणे मला थोडे निर्दय वाटते.

पण मग पोटासाठी मासे धरणाऱ्या ढिवराचे काय? इथे पुन्हा व्यासभाष्यच उपयोगी पडते, आणि विलक्षण योग असा की तिथला दृष्टान्त मासे मारणाऱ्याचाच आहे. सर्वांना सर्वकाळ लागू पडणारी अहिंसा हे महाव्रत. त्याखालची अहिंसा मर्यादित असते, जसे मासे मारणारा माशांपुरतीच हिंसा करतो, अन्यत्र करीत नाही. कोणी तीर्थात मारीत नाही, कोणी चतुर्दशीला मारीत नाही. भाष्यकार त्या मनुष्याला महाव्रती म्हणत नाही, पण त्याच्या हिंसेला कुंपण आहे हे नोंदवायला विसरत नाही. भंडाऱ्याच्या ढिवराच्या कुंपणाला तर सरकारी कागदाचाही आधार होता. कोहळी पाटलांनी आणि मालगुजारांनी तळी बांधली, जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी गावाच्या वाजिब-उल-अर्ज या दप्तरात पाणी, वाट आणि मासेमारीचे रिवाज दाखल झाले, तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी जाऊन तळी सरकारजमा झाली, आणि आज अनेक तळ्यांचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्याची हिंसा पोटापुरती, पाण्यापुरती आणि ठेक्यापुरती. जो धान खातो त्याने तरी तिच्याविषयी नाक मुरडू नये. महाभारतातल्या मिथिलेच्या धर्मव्याधाने कौशिक ब्राह्मणाला सुनावलेच होते की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात, आणि भंडारा तर चिखलणीचा मुलूख.

हौशी माणसाचे समर्थन वेगळे असते. तो म्हणतो, मी मासा मारीत नाही, पकडून सोडून देतो. युक्तिवाद प्रामाणिक आहे. परंतु नेमके त्यातूनच कुंपण नाहीसे होते. ढिवराची टोपली भरली की त्याचा दिवस संपतो. ज्याला टोपलीच नाही त्याचा दिवस कशाने संपावा? ज्याने मारणे सोडले पण ओढणे सोडले नाही, त्याला थांबवणारे बाहेर काहीच उरत नाही, म्हणून थांबण्याचा नियम त्याने स्वतःच घालून घ्यायला हवा. हौसेला मी निषिद्ध ठरवीत नाही. मर्यादेवाचूनची हौस मात्र ढिवराच्या धंद्यापेक्षा धर्मदृष्ट्या हलकी आहे, असे माझे मत आहे.

तेव्हा ज्यांना शिवनीबांधच्या किंवा दुसऱ्या कोणत्या तळ्यावर या दिवसांत गळ टाकायचाच आहे, त्यांना एवढी विनंती: ठेका असलेल्या संस्थेची परवानगी आधी घ्यावी; जिवंत बेडूक वापरू नये; आकड्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा; आणि पुढे पावसाळ्यात पिलांचा तांबडा थवा पाण्यावर तरंगताना दिसला, तर त्याखाली राखण करीत असलेल्या मरळीच्या वाटेला न जाता गळ गुंडाळून घरी जावे, कारण राखणारा उचलला की ती पिले दुसरे मासे खातात, आणि राखणाऱ्याला मागाहून सोडून दिल्याने ती परत येत नाहीत.