औषधवाल्याचा फ्रीज

अप्पांची सगळी नोकरी टेलिफोनमध्ये गेली. आधी सरकारी खातं, मग १९८६ला महानगर टेलिफोन निगम निघालं तेव्हा तिथे. त्यातली बरीच वर्षं ते १९७ क्रमांकावर बसत. लोकांनी नाव सांगायचं आणि अप्पांनी नंबर. त्यामुळे डिरेक्टरी ही काय चीज आहे हे त्यांना नीट ठाऊक होतं. पिवळ्या पानांत ‘ए-वन’ने सुरू होणाऱ्या दुकानांची झुंबड का असते, हे ते पाहुण्यांना हसत हसत सांगत. नावं अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि घाईतला माणूस पहिल्या नावाला फोन करतो. म्हणून बारशालाच दुकानदाराने यादीतली जागा अडवून ठेवलेली असायची!

एवढं माहीत असलेला हा माणूस ऐन एप्रिलात फसला. पण खरं तर फसला तो त्यांचा मुलगा, आणि तोही न्यू जर्सीत बसून.

घर ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, तिसरा मजला, पश्चिमेचं ऊन. काकूंच्या बायपासनंतर मुलाने हट्टाने दीड टनाचा स्प्लिट एसी बसवून दिला होता. एका दुपारी तो नुसताच वारा सोडू लागला. काकूंनी ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर सहज सांगितली आणि अप्पांचा चहा होईपर्यंत मुलाने तिकडून माणूस ठरवूनही टाकला. मोबाइलवर ‘टेंभी नाका, एसी दुरुस्ती’ टाकलं, पहिलं नाव उघडलं. चार पूर्णांक आठ तारे, खाली ठळक अक्षरांत ‘लायसन्स्ड’, पत्ता नाक्यावरचाच.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. तो राहतो तिथे थंडीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली, तर दुरुस्तीचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराकडे राज्याचा परवाना लागतो. तो खरा की खोटा, हे सरकारच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. एसीतल्या गॅसला हात लावायचा तर अमेरिकेच्या शुद्ध हवा कायद्याच्या कलम ६०८ प्रमाणे परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिथे ‘लायसन्स्ड’ या शब्दामागे कुणीतरी उभं असतं. मुलाने तीच सवय ठाण्याला लावली.

दोन पोरं आली. एक गेज, एक रंग उडालेला सिलिंडर, त्यावर चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. दहा मिनिटांत निकाल लागला. “अंकल, गॅस संपलाय.” ३,२०० रुपये मोबाइलवर घेतले. बिल मागितलं तर म्हणे व्हॉट्सॲपवर पाठवतो. खोली गारेगार झाली, काकू खूश. मे उजाडला आणि पुन्हा नुसता वारा. पुन्हा तीच पोरं, पुन्हा ३,२००. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी चेहरे गंभीर केले आणि सांगितलं, “कॉम्प्रेसर गॅस खातोय. बदलावा लागेल. चौदा हजार.”

ती गेल्यावर काकू म्हणाल्या, “अहो, आपला फ्रीज बारा वर्षं चालतोय. त्यात आपण कधी गॅस भरलाय?”

पंख्याखाली बसून केलेला हा प्रश्न एखाद्या इंजिनिअरला शोभावा असा होता. एसी काय, फ्रीज काय, आतला गॅस बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो. घरातली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची, परत यायचं. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो जळून संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणारा आपल्या पुढच्या फेरीची सोय करून जातो. कॉम्प्रेसर गॅस खात नसतो. खाणारे दुसरे.

अप्पा उठले, चपला घातल्या आणि त्या पत्त्यावर निघाले. नाक्यावरचं कुठलं दुकान कधी उघडलं, कधी बसलं हे त्यांना तोंडपाठ. १९७८ साली शिवसेनेच्या आनंद दिघ्यांनी तिथे देवीचा उत्सव सुरू केला तेव्हापासूनचं त्यांनी पाहिलेलं. तरी पत्ता वाचून ते जरा चक्रावलेच होते. तिथे पोचल्यावर उलगडा झाला: झेरॉक्सचं दुकान! गल्ल्यावरचा माणूस वर न बघता म्हणाला, “एसीवाला ना? इथे कोणी नाही. रोज कोणीतरी येतंच विचारत.”

परतताना काकूंच्या गोळ्या घ्यायला ते नेहमीच्या औषधवाल्याकडे थांबले. सिव्हिल हॉस्पिटलमुळे या भागात औषधांच्या दुकानांना तोटा नाही. काउंटरच्या मागे काचेच्या दाराचा फ्रीज होता, आत इन्सुलिन आणि लसी. दाराला छोटं थर्मामीटर आणि दोरीने बांधलेली वही. सकाळ-संध्याकाळचं तापमान त्यात लिहिलेलं. अप्पा याच दुकानात वर्षानुवर्षं येत होते, ती वही मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

“हे कशाला लिहिता?”

“दोन ते आठ अंशांतच राहायला लागतं, अप्पा. वर गेलं की माल फेकायचा. खाली जाऊन गोठलं तरी फेकायचा.”

“आणि फ्रीजच बंद पडला तर?”

“पडून चालतंय होय! आमचा एक मिस्त्री आहे. वर्षातून दोनदा येऊन बघून जातो.”

औषधवाल्याने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला नंबर वाचून दाखवला. मला विचाराल तर अप्पांना हवी होती ती यादी तिथे होती, एकाच नावाची.

मिस्त्रीने फोनवरच सांगितलं, “आज जमणार नाही. उद्या सहाला.” दुसऱ्या दिवशी तो साडेसहाला आला, पण वाटेतून कळवून. आल्या आल्या त्याने गेज काढलंच नाही. आधी फिल्टर बघितला, मग एसी चालू करून कान दिला, मग खिडकीच्या ग्रीलमधून हात घालून आउटडोअरच्या तांब्याच्या नळीवरचा नट बोटाने पुसला आणि ते बोट अप्पांपुढे धरलं. बोटाला काळपट, तेलकट धूळ.

“गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही नळीतून फिरतं. जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा डाग पडतो, त्याला धूळ चिकटते.” साबणाचा फेस लावला. नटाच्या कडेला एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. काकू चष्मा लावून बघत राहिल्या.

पुढचं काम दोन तास चाललं. आधीच्यांनी कोणता गॅस कोंबला हे कुणालाच माहीत नसल्याने सगळा काढावा लागला. मशीनच्या पट्टीवर आर-३२ लिहिलेलं होतं. हा गॅस सौम्य का होईना, पण पेट घेणारा; त्यात भलतंच काही मिसळलेलं चालत नाही. जुना गॅस त्याने हवेत न सोडता रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. कार्बन डायऑक्साइडच्या मानाने आर-३२ पृथ्वी सुमारे ६७५ पट तापवतो, हे त्याला एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. २०१९च्या केंद्राच्या कूलिंग आराखड्यात एक लाख मेकॅनिकांना असं शिकवण्याचं ठरलं होतं. मग नळीचं तोंड कापून नवीन फ्लेअर केली, नायट्रोजन भरून काटा उतरतो का ते बघितलं, तेवढ्यात चहा झाला. नंतर व्हॅक्युम. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून पट्टीवर छापले होते तितकेच ग्रॅम भरले, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

मुलगा व्हिडिओवर होताच. त्याने विचारलं, “तुमच्याकडे लायसन्स आहे?”

“एसी दुरुस्तीचं वेगळं लायसन्स आपल्याकडे नसतं, साहेब. आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, दोन वर्षांच्या ट्रेडचं.”

“मग त्या यादीत ‘लायसन्स्ड’ लिहिलं होतं ते?”

“लिहायला काय जातं?”

अप्पांना इतक्या वर्षांनी ‘ए-वन’वाले आठवले आणि ते मोठ्याने हसले.

सामान आवरताना मिस्त्रीची नजर प्लगकडे गेली. एक पिन करपलेली, वायर गरम. “अप्पा, ही वायर दीड टनाला बारीक आहे. पण हे काम माझं नाही. याला मात्र परवाना लागतो. सरकारी परवान्याचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर बोलवा, नंबर विचारून घ्या. लोड वाढवायचा झाला तर महावितरणला टेस्ट रिपोर्टही त्याचाच लागेल.” दोन तारा जोडून पाचशे रुपये सहज घेता आले असते. ते त्याने घेतले नाहीत, आणि काकूंच्या दृष्टीने त्या माणसाची परीक्षा तिथेच संपली.

बिल २,६५० रुपयांचं झालं. त्यावर गॅसचं नाव, ग्रॅममध्ये वजन, कुठल्या नटातून गळती होती ते, आणि सही. मुलाने विचारलं, तुमचं नाव यादीत टाकू का, पाच तारे देतो. मिस्त्री म्हणाला, “नको. आहेत ती कामं उरकत नाहीत.”

पहिल्या पोरांना दिलेले ६,४०० रुपये परत मिळवायचा अप्पांनी प्रयत्न केला. बिल नव्हतं, पत्ता झेरॉक्सवाल्याचा, पैसे गेले होते कुणा खासगी माणसाच्या खात्यात. तक्रार नोंदवायची तर कुणाविरुद्ध?

तुमच्या घरात एसी असेल तर होळीच्या आधीच जवळच्या औषधवाल्याला किंवा डेअरीवाल्याला त्याचा मिस्त्री विचारून ठेवा. येणाऱ्याला गॅस भरण्याआधी गळती दाखवायला सांगा, भरताना सिलिंडर काट्यावर ठेवायला सांगा, आणि बिलावर गॅसचं नाव व वजन लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे फोन कराल तेव्हा ते बिल हाताशी असू द्या.