मुलगी झाली, बोल कुणाला?

श्रोते हो, तेरला गोरोबाकाकांच्या समाधीस तुम्ही जाता. मडक्याला माती लागते, पाणीही लागते. देहाचेही तसेच. स्त्रीबीजात २३ गुणसूत्रे, पुरुषबीजात २३. दोन्ही एक झाली म्हणजे गर्भ राहतो. त्यांत आईकडून ‘एक्स’च येते. बापाकडून ‘एक्स’ आले तर कन्या, ‘वाय’ आले तर पुत्र. मग सुनेला बोल का लावता? बापाच्या हातीही निवड नाही हो! तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च भरल्या. गर्भलिंग तपासून सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाबांनो, विटेवरच्या देवाला ‘माउली’ म्हणायचे, आणि पोटी येणारी माउली नाकारायची, ही कसली भक्ती?