दोन वाघिणी, एक क्रमांक

ब्रिटनमधले रेल्वे-मॉडेलचे जाणकार हौशी एका गोष्टीबाबत फार काटेकोर असतात. एकाच क्रमांकाच्या दोन वाघिणी ते एका मालगाडीत जोडत नाहीत. तयार मॉडेलं एकाच साच्यातून निघतात आणि पुष्कळदा त्यांच्यावर आकडाही एकच छापलेला असतो. मग जुना आकडा हलक्या हाताने खरवडून तिथे नवा बसवावा लागतो.

काम जिकिरीचं आहे. तिथल्या रूढ प्रमाणात खरा १ फूट मॉडेलवर ४ मिलिमीटरचा होतो, म्हणजे ३ इंची अक्षर उरतं १ मिलिमीटरचं. ट्रान्सफरच्या कागदातून पातळ पापुद्र्यावर छापलेला आकडा कापायचा, चिमट्याने कोमट पाण्यात धरायचा आणि सुटला की ब्रशच्या टोकाने जागेवर सरकवायचा. खाली आधी चकचकीत व्हार्निश हवं, कारण खरखरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि आकड्याभोवती रुपेरी डाग पडतो. फळ्यांच्या खाचांत आणि रिव्हेटांवर पापुद्रा नीट बसावा म्हणून तो मऊ करणारं द्रावण लावतात. एवढं करून गाडी रुळांवर धावू लागली की दोन हातांवरून तो आकडा कुणालाच वाचता येत नाही.

मग हा अट्टहास कशासाठी?

हुबेहूब सारख्या दोन वस्तू 'दोन' कशामुळे ठरतात, हा प्रश्न वैशेषिक दर्शनाच्या भारतीय तत्त्वज्ञांनी फार पूर्वी मांडला. दोन घट वेगळे, कारण त्यांचे अवयव वेगळे. अवयवांचे अवयव शोधत गेलं की शेवटी परमाणू येतो, आणि त्याला अवयवच नाहीत. पृथ्वीचे दोन परमाणू गुणांनीही सारखे. म्हणून प्रत्येकात एकेक 'विशेष' मानायचा, आणि हे विशेष मात्र एकमेकांपासून आपोआपच वेगळे! नव्यन्याय परंपरेचे तत्त्वज्ञ रघुनाथ शिरोमणी यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. विशेष जर स्वतःहून वेगळे राहू शकतात, तर परमाणूंनीच तसं राहायला हरकत काय? १९५२ साली मॅक्स ब्लॅक यांनी 'माइंड' या नियतकालिकात, बाकी काहीच नसलेल्या विश्वातले दोन तंतोतंत सारखे गोल कल्पून पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपुढे याच जातीचा पेच टाकला.

वाघिणींपुरतं तरी रघुनाथांचंच पटतं. आकडा वेगळेपण निर्माण करत नाही. १९४८ साली ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खासगी मालकांकडून आलेल्या कोळशाच्या वाघिणींना 'पी' अक्षराने सुरू होणारे नवे क्रमांक मिळाले. रंग उडालेल्या फळ्यांवर आकड्यापुरता काळा पट्टा ओढून ते लिहिले गेले. क्रमांक बदलला, वाघीण तीच राहिली.

तरीही क्रमांक हे एक विधान आहे. हीच ती वाघीण, दुसरी नव्हे, असं तो सांगतो. भारतीय रेल्वेच्या वाघिणीवर ११ अंक असतात. पहिल्या सहांत प्रकार, मालक रेल्वे आणि बांधणीचं वर्ष येतं, शेवटचा अंक पडताळणीचा असतो, आणि त्या एकट्या वाघिणीबद्दल बोलणारे अंक मधले फक्त चार. पूर्ण क्रमांकच दोन वाघिणींवर सारखा पडला, तर एकच वाघीण एकाच वेळी दोन ठिकाणी उभी आहे असं म्हटल्यासारखं होतं. मॉडेलवरही ते विधान खोटंच असतं, आणि कुणी वाचलं नाही म्हणून ते खरं होत नाही. म्हणूनच हा अट्टहास मुळीच अनाठायी नाही.

ब्रिटिश वाघिणींची मॉडेलं करणाऱ्यांनी निदान शेवटचा अंक तरी बदलावा. त्याहून चांगलं म्हणजे जुनं छायाचित्र शोधून, त्याच प्रकारच्या एखाद्या खऱ्या वाघिणीचा क्रमांक घ्यावा. क्रमांकांना तोटा नाही: ब्रिटनमध्ये १६ टनी पोलादी वाघिणीच दोन लाखांहून अधिक बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक आज भंगारात गेल्या आहेत.