यादीत न छापलेलं कारण

चेहऱ्याला लावायच्या जेलची पारख मागे छापलेल्या घटकांच्या यादीवरून करता येते का? माझ्या भाचीच्या मते येते, आणि तेवढ्यावरूनच करावी. ती हिंजवडीला नोकरी करते. दुकानात शिरली की पहिल्यांदा डबी उलटी करते. पुढच्या बाजूचं काही वाचत नाही, जाहिरातीवर तिचा काडीचा विश्वास नाही. परवा एक निळसर, हलकं, पाण्यासारखं जेल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, यात हायलुरॉनिक आहे, नायसिनमाइड आहे, तेल नाही. म्हणजे चांगलंच असणार ना?"

तिच्या त्या 'म्हणजे'पाशी मी थांबले. माझं सगळं आयुष्य भोसरीच्या एका कारखान्यात असलीच जेलं आणि क्रीमं बनवण्यात गेलं. निवृत्तीनंतर मी सदाशिव पेठेतल्या एका वर्गात अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकते आहे. यशवंत वासुदेव आठल्यांनी संपादलेली 1897ची मुंबईची आवृत्ती पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने पुन्हा छापली, तीच आमच्या हातात असते. भाचीने विचारलेला प्रश्न त्या पुस्तकातला फार जुना प्रश्न आहे. अवयव ठाऊक झाले म्हणजे त्यांचा मिळून झालेला अवयवी ठाऊक झाला का?

आधी यादी नीट वाचू. आपल्याकडे 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, पण कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. तिच्या डबीवर पहिलं पाणी होतं, मग ग्लिसरीन, मग डायमेथिकोन, नायसिनमाइड, मग फिनॉक्सिइथेनॉल, कार्बोमर, सोडियम हायलुरोनेट, सुगंध आणि शेवटी निळा रंग. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि युरोपात त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. आम्ही धंद्यातली माणसं दुसऱ्याची डबी वाचताना तिथे बोट ठेवतो, कारण त्याच्या खालचं सगळं बहुधा एक टक्क्याच्या आतलं असतं. म्हणजे भाचीचं लाडकं हायलुरॉनिक तळाला, सुगंधाच्या शेजारी बसलेलं होतं.

हे तिला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मग फसवणूकच की!" पण तसंही म्हणता येत नाही. त्या जेलमध्ये सगळ्यात जास्त आहे ते पाणी, आणि नुसतं पाणी चेहऱ्यावर काही टिकत नाही, उडून जातं. कार्बोमर जेमतेम अर्धा टक्का असेल, आणि ते जेल 'जेल' आहे ते त्याच अर्ध्या टक्क्यामुळे. यादीतला क्रम वजनाचा असतो. वजनाने मोठं ते कामाने मोठं, हा अर्थ आपण आपल्या मनाने लावतो.

कार्बोमरचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझं सगळं तत्त्वज्ञान त्या पांढऱ्या भुकटीपाशी सुरू झालं. ती इतकी हलकी असते की पिशवी उघडताना श्वास जपून घ्यावा लागतो. शुद्ध केलेलं पाणी भांड्यात घेऊन स्टरर चालू करायचा, पाण्याला मध्ये खळगा पडला की त्याच्या कडेला भुकटी हळूहळू भुरभुरायची. घाई केली तर गुठळ्या होतात, बाहेरून भिजलेल्या आणि आतून कोरड्या. आम्ही त्यांना 'फिश आय' म्हणायचो. एकदा झाल्या की त्या दिवसाचं काम गेलंच. नीट भिजल्यावर जे मिळतं ते पांढुरकं, आंबट, पातळ पाणी असतं. त्यात ट्रायइथेनॉलअमाइनचे किंवा कॉस्टिकच्या द्रावणाचे थेंब पडू लागले की आम्लपणा उतरतो, गुंडाळून बसलेल्या लांब रेणूंवर ऋण भार येतो, ते एकमेकांना दूर लोटतात, उलगडतात आणि सगळं पाणी आपल्यात धरून ठेवतात. बघता बघता भांड्यातला खळगा मिटतो, स्टरर जड होतो, पांढुरकेपणा जाऊन सगळं काचेसारखं नितळ होतं. पाण्याची सांद्रता एक सेंटिपॉइज. या जेलची चाळीस-पन्नास हजार. हे दृश्य बघायला मी नोकरीच्या शेवटच्या वर्षीसुद्धा भांड्याच्या काठाशी जाऊन उभी राहायचे.

ही घट्टाई कुठून आली? पाण्यात नव्हती, भुकटीत नव्हती, कॉस्टिकात तर नव्हतीच.

नैयायिक, म्हणजे तर्कसंग्रहासारखे ग्रंथ ज्याचे तो न्यायमतवादी, इथे म्हणतो, नवा पदार्थ जन्मला. धाग्यांहून वस्त्र वेगळं, कपालांहून घट वेगळा, तसा अवयवांहून अवयवी वेगळा. बौद्ध म्हणतो, छे, अवयवांपलीकडे काही नाही. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा एकेक भाग दाखवून रथ कुठे आहे हे विचारलं, ती गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असेल. (फर्ग्युसन महाविद्यालयात 1912 पासून काही वर्षं धर्मानंद कोसंबी पाली शिकवत होते, तेव्हा या वादातली बौद्ध बाजूही पुण्यातच मूळ ग्रंथांवरून शिकायला मिळत होती.) बौद्धांचा एक आक्षेप फार नेमका आहे: अवयवी खरंच वेगळा असेल तर तराजूत अवयवांच्या वजनावर त्याचं वजन जास्तीचं दिसायला हवं. आता आमच्या बॅच रेकॉर्डमध्ये आम्ही हेच तपासत असू. घातलेल्या मालाची बेरीज आणि निघालेल्या जेलचं वजन जुळायलाच हवं. फरक आलाच तर तो तुटीचा, भांड्याला चिकटलेल्या मालाचा आणि उडालेल्या पाण्याचा. जास्तीचं वजन कधी निघालं नाही आणि निघणारही नाही. तराजूपाशी बौद्ध जिंकतो.

पण तराजूच्या शेजारच्या टेबलावर व्हिस्कोमीटर होता. त्याची दांडी जेलमध्ये बुडवून फिरवली की तो घटकांपैकी कुणाचाच नसलेला आकडा दाखवी. तिथे नैयायिक जिंकतो. न्यायसूत्रांत अवयवीच्या बाजूने एक साधी युक्ती दिली आहे: एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते. बोटाने पाणी उचलून बघा, ओघळून जाईल. जेल उचला, बोटावर उभं राहतं. गंमत अशी की वात्स्यायनाच्या भाष्यात यावर लगेच शंका घेतली आहे: हे धरणं-ओढणं अवयवीमुळे कशावरून, ते तर स्नेह आणि द्रवत्व या गुणांनी घडलेल्या चिकटून राहण्यामुळे होतं. आणि स्नेह हा गुण तर्कसंग्रहात फक्त पाण्याला दिला आहे. भुकटीचा गोळा बांधणारा तो स्नेह. चेहऱ्याला ओलावा म्हणजे तेल, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. तेल नसलेल्या जेलचा सगळा डोलारा पाण्याच्या बांधून ठेवण्यावर उभा आहे हे वर्गात वाचलं, तेव्हा मी पान दुमडून ठेवलं.

मात्र भाचीला उत्तर द्यायला मला सगळ्यात उपयोगी पडली ती कारणांची विभागणी. न्यायमतात वस्त्राचं समवायिकारण धागे, असमवायिकारण धाग्यांचा संयोग आणि निमित्तकारण विणकर, माग वगैरे. डबीवर छापतात ते फक्त समवायिकारण. भुकटी कशी भिजवली, कॉस्टिक कधी घातलं, किती अंशावर थंड केल्यावर सुगंध सोडला, आम्लता कुठे आणून थांबवली, म्हणजे सगळा संयोग आणि सगळे विणकर यादीबाहेर राहतात. एकच यादी घेऊन दोन कारखाने दोन निरनिराळी जेलं बनवतील. एक चेहऱ्यावर विरघळेल, दुसऱ्याच्या वळकट्या निघतील. मी दोन्ही बनवलेली आहेत.

आयुर्वेदाला ही अडचण ठाऊक होती. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, रसविमानात, मिश्रणांचे दोन प्रकार केले आहेत. काही मिश्रणं घटकांच्या स्वभावाला धरून असतात. तिथे घटकांचे गुण कळले की मिश्रणाचा गुण अनुमानाने सांगता येतो. काही मिश्रणांत घटक एकमेकांना पालटून टाकतात. तिथे असं अनुमान चालत नाही, त्या समुदायाचा परिणाम समुदायावरूनच जाणून घ्यावा लागतो. हळद पिवळी, चुना पांढरा, आणि त्यांचं कुंकू लाल. हा फरक इतक्या स्पष्टपणे मांडणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही, आणि हे मला रसायनशास्त्राच्या पदवीत कुणी शिकवलं नाही याची खंत आहे.

मग यादी निरुपयोगी का? मुळीच नाही. माझं म्हणणं असं आहे की दोष अवयवाकडून अवयवीकडे सरळ जातो, गुण तसा जात नाही. एखादीला विशिष्ट सुगंधद्रव्याची ॲलर्जी असेल तर बाकीचे सगळे घटक कितीही सात्त्विक असोत, त्या एकापायी ते जेल तिच्यासाठी वाईटच. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक टिकवणारं द्रव्य अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत वापरायला युरोपने 2017मध्ये बंदी घातली, कारण त्याने फार लोकांची त्वचा बिथरत होती. ते नाव दिसलं की डबी खाली ठेवावी, पुढे वाचायची गरज नाही. नाकारण्यापुरती यादी पुरते. स्वीकारायला मात्र जेल चेहऱ्यावरच लावून बघावं लागतं, आणि तेही त्याच चेहऱ्यावर, त्याच हवेत. पुण्यात जुलैमध्ये हवाच ओली असते, तेव्हा असं जेल छान वाटतं. डिसेंबरात हवा कोरडी पडली की ग्लिसरीनने ओढून घेतलेलं पाणी धरून ठेवायला वर काही जाड थर नसतो, आणि तेच जेल लावून तासाभरात गाल ताणतात. यादी तीच, त्वचा तीच, आणि 'चांगलं' कुठे गेलं? ते डबीत कधी नव्हतंच.

हलक्या जेलबद्दल अजून एक सांगायचं आहे. बोट फिरवताच ते पाणी होऊन पसरतं, त्याला लोक 'त्वचेत मुरलं' म्हणतात. खरं घडतं ते असं: घामातल्या मिठाने कार्बोमरचे भार झाकले जातात, उलगडलेले रेणू पुन्हा आकसतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. तर्कसंग्रहाच्या भाषेत असमवायिकारणाचा नाश झाला, म्हणून अवयवी नष्ट झाला. अवयव सगळे तिथेच आहेत, गालावर. आम्ही हा नाश मुद्दाम घडवत असू. तो वेळेवर झाला नाही तर गिऱ्हाईक 'चिकट आहे' म्हणून परत येई.

आणि इथेच मला माझ्या देवघराशी भिडलेला प्रश्न पडतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संपादलेला 'सर्वदर्शनसंग्रह' भांडारकर संस्थेने 1924मध्ये छापला. त्याचं पहिलंच दर्शन चार्वाकाचं आहे. चार्वाक म्हणतो, किण्वादी, म्हणजे दारूच्या आंबवणाच्या, पदार्थांत एकेकट्यात मद नसतो, एकत्र आले की येतो. तसंच चार भूतांतून चैतन्य येतं, देह मोडला की जातं. यावर नैयायिकाचं उत्तर, कारणातले गुण कार्यात उतरतात. पृथ्वीत, जलात चैतन्य नाही म्हणून देहात ते देहाचं असू शकत नाही, म्हणून आत्मा वेगळा. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. मला डोलावता आली नाही. घटकांपैकी कुणातच नसलेली घट्टाई मी आयुष्यभर भांड्यात उगवताना पाहिली आहे, आणि एका चिमूट मिठाने मावळतानाही. मी आत्मा मानते. रोज सकाळी हरिपाठ म्हणते तो सवयीने नाही. पण जे अनुमान माझ्या डोळ्यांदेखत खोटं पडलेलं आहे, त्याच्या खांद्यावर मी माझा विश्वास ठेवणार नाही. आत्म्यासाठी निदान खरा पुरावा द्यावा, एवढं त्याच्याबद्दल प्रेम मला आहे.

नैयायिकाचा दुसरा युक्तिवाद स्मरणाचा आहे आणि तो मला बळकट वाटतो. लहानपणचं शरीर राहिलं नाही, तरी तेव्हा पाहिलेलं आज आठवतं. दुसऱ्याने पाहिलेलं आपल्याला आठवत नाही, तेव्हा पाहणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. चेहऱ्याची वरची त्वचा महिना-दीड महिन्यात झडून नवी होते. आईने थंडीत माझ्या गालांना साय लावली ती त्वचा केव्हाच गेली, आणि त्या सायीचा थंडपणा मला आठवतो. चार्वाक मात्र इथेही गप्प बसणार नाही. तो म्हणेल, त्वचेचं सोड, मेंदूतल्या बहुतेक मज्जापेशी जन्मभर त्याच राहतात, मग आठवणारा तिथेच का नसावा? त्याला काय उत्तर द्यायचं ते मी शोधते आहे, पुढच्या वर्गात आम्हाला शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांना विचारणार आहे.