आश्रय, अध्यापन आणि शिष्येचा अधिकार

ज्या विद्येत माणूस स्वतः अजून कच्चा आहे त्या विद्येचा खरा जाणकार कोण, हे त्याने कशावरून ओळखावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत गुरुनिवडीच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे आणि प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातही तो थोड्या वेगळ्या अंगाने येतो. पारख करण्याइतके ज्ञान शिष्याजवळ असेल तर त्याला गुरूची फारशी गरज उरत नाही, आणि ते नसेल तर त्याने केलेली पारख विश्वासार्ह ठरत नाही, असा हा पेच आहे. शिवाय चांगले शिक्षण शिकणाऱ्याची आवडनिवडच बदलून टाकते, त्यामुळे आज जिच्या कसोटीवर निवड होते ती व्यक्ती काही वर्षांनी तीच राहिलेली नसते.

या पेचाचे आजचे सर्वांत व्यवहारी रूप अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेत पाहायला मिळते. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदास मनाई करणारा कायदा तेथे १९७२ साली झाला आणि त्यानंतर मुलींच्या संघांना पैसा, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. आज बास्केटबॉलमध्ये चमकलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या घरी नामांकित विद्यापीठांचे प्रशिक्षक स्वतः येतात, तिला संस्था पाहायला बोलावतात, आणि एका करारावर सही करून ती आपली पुढची वर्षे एका संघाला देते. मुलीने काय पाहावे याच्या याद्या तयार असतात: प्रशिक्षकाची पद्धत, संघात तिच्या जागी आधीपासून कोण खेळते, अभ्यासक्रम कोणता, घर किती दूर. या याद्या निरुपयोगी नाहीत, पण त्यांत दोन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय प्रश्न नीट मांडताच येत नाही.

त्या दोन गोष्टी म्हणजे आश्रय आणि अध्यापन. आश्रय म्हणजे असलेल्या गुणाची कदर करून त्याच्या निर्वाहाची सोय लावणे, तर अध्यापन म्हणजे नसलेला गुण घडवणे. माळव्यात या दोहोंना जणू दोन वेगळी गावे लाभली आहेत. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याची धारा नगरी, म्हणजे आजचे धार, ही आश्रयाची राजधानी म्हणून भारतीय स्मृतीत राहिली आहे. ‘भोजप्रबंध’ हा बल्लाळाचा बराच नंतरचा ग्रंथ कालिदास, बाण आणि भवभूती यांना एकाच दरबारात आणून बसवतो, जे इतिहासाच्या हिशेबाने अशक्य आहे, परंतु आश्रयाचे स्वरूप त्या कथांतून अचूक उमटते. कवी येतो, श्लोक म्हणतो आणि अक्षरागणिक लाखाचे दान घेतो. ज्याला काव्य येत नाही त्याला धारेत जागा नाही. या कथांत धारा नगरी सर्वांची परीक्षा घेते, मात्र तेथे कोणी कोणाला काव्य शिकवताना सहसा दिसत नाही. अमेरिकेतील शिष्यवृत्ती आणि २०२१ पासून तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर मिळवता येऊ लागलेले पैसे हा व्यवहार याच जातीचा आहे, आणि त्यात गैर काही नाही. गैर होते ते मोठ्या दानाला मोठे अध्यापन समजण्यात.

अध्यापनाची पारख करण्यासाठी धर्मग्रंथांनी काही लक्षणे सांगितली आहेत. मुंडकोपनिषद गुरूच्या ठायी दोन गोष्टी मागते: तो श्रोत्रिय, म्हणजे परंपरेने आलेली विद्या जाणणारा असावा, आणि ब्रह्मनिष्ठ, म्हणजे त्या विद्येत स्वतः मुरलेला असावा. भगवद्गीता शिष्याकडून नम्रता आणि सेवा यांच्याबरोबर परिप्रश्नाची, म्हणजे खोदून खोदून विचारण्याची अपेक्षा करते. उत्तरकालीन गुरुभक्तीत पहिल्या दोन गोष्टींचा गजर झाला आणि तिसरी मागे पडली, हे त्या भक्तीचे नुकसानच म्हटले पाहिजे. ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात समर्थ रामदासांनी गुरुलक्षण आणि शिष्यलक्षण यांवर स्वतंत्र समास लिहिले असून, जो शिष्याकडून साधना करून घेत नाही आणि त्याला इंद्रियनिग्रह शिकवत नाही असा गुरू कवडीमोलाने मिळाला तरी टाकावा, असे त्यांनी रोखठोक बजावले आहे. ही कसोटी मोलाची आहे, कारण ती गुरूच्या कीर्तीकडे न बघता शिष्याच्या दिनक्रमाकडे बघते, आणि दिनक्रम तर नवशिक्यालाही दिसतो. कुलार्णव तंत्र आणखी पुढे जाऊन गुरू आणि शिष्य यांनी परस्परांची परीक्षा घ्यावी असे सांगते, आणि ज्ञानाच्या ओढीने शिष्य एका गुरूकडून दुसऱ्याकडे गेला तर त्यात दोष मानत नाही.

तथापि हे सर्व नियम निवडीची मोकळीक गृहीत धरतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत ती बहुधा नव्हती. सतराव्या शतकातील संत बहिणाबाई यांचे लग्न अगदी बालपणी, वयाने कितीतरी मोठ्या पुरुषाशी झाले होते. ब्राह्मण घरातील या स्त्रीने ज्यांना कधी पाहिलेही नव्हते आणि जे शूद्र गणले जात त्या तुकारामांना गुरू मानले, स्वप्नात त्यांचा उपदेश घेतला, आणि त्यासाठी पतीचा मार सोसला. स्वप्नदीक्षेचा अर्थ भाविक एका प्रकारे लावतील आणि इतिहासकार दुसऱ्या प्रकारे, पण जागेपणी ज्या निवडीला समाजात वाट नव्हती तिला तेथे वाट मिळाली, एवढे दोघांनाही मान्य व्हावे.

माळव्यातील दुसरे गाव, अध्यापनाचे, म्हणजे देवास. तेथील गायिका वसुंधरा कोमकली यांचे उदाहरण याहून वेगळे आणि या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. जमशेदपूर येथे १९३१ साली श्रीखंडे घराण्यात जन्मलेल्या या मुलीने कोलकात्यात लहानपणी कुमार गंधर्वांचे गाणे ऐकले आणि त्यांच्याकडेच शिकायचे असे ठरवून ती १९४६ मध्ये मुंबईला आली. ज्यांची निवड झाली होती ते मात्र लगेच शिकवायला राजी नव्हते. त्यांनी तिला आपले गुरू प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे सोपवले. देवधर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेर परंपरेचे, परंतु त्यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून चिजा आणि विचार गोळा केले आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही तशी मुभा दिली. कठोपनिषदात असा विचार येतो की आत्मा पांडित्याने मिळत नाही, तो ज्याला वरतो त्यालाच लाभतो; म्हणजे निवड पलीकडूनही व्हावी लागते. वसुंधराताईंच्या प्रसंगात शिष्येने गुरू निवडला, गुरूने तिच्यासाठी आणखी एक गुरू निवडला, आणि अखेरीस कुमारांची तालीमही तिला मिळाली. निवड येथे एका सहीने पूर्ण होत नाही, ती दोन्ही बाजूंनी अनेक वर्षे चालू राहते.

कुमारांचे देवासला येणे तर कोणत्याही यादीत न बसणारे आहे. क्षयाने ग्रासल्यामुळे कोरड्या हवेसाठी ते १९४८ मध्ये तेथे आले, गाण्यास मनाई असल्याने काही वर्षे बिछान्यावर पडून राहिले, आणि त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील बायकांची लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत राहिली. पुढे लोकधुनांतून त्यांनी घडवलेले राग आणि त्यांचे निर्गुणी गायन यांची मुळे तेथे आहेत. फुप्फुसासाठी निवडलेल्या गावाने गायकाला शिकवले. अर्थात यावरून निवड नशिबावर सोडावी असे ठरत नाही, कारण देवधरांच्या हाताखाली तयार झालेला कान नसता तर तीच गाणी नुसती कानांवरून गेली असती.

अमेरिकेत २०१८ पासून खेळाडूंना संघ बदलण्याची इच्छा अधिकृतपणे नोंदवण्याची सोय झाली, आणि २०२४ पासून पदवीचा अभ्यास समाधानकारक असल्यास कितीही वेळा संघ बदलून लगेच खेळता येते. कुलार्णवाने दिलेली मोकळीक अशा रीतीने नियमात आली, फक्त जाणारी मुलगी ज्ञानाच्या ओढीने जाते की अधिक दानाच्या, हे नोंदवण्याची जागा त्या अर्जात नाही. गायकाला पन्नास वर्षे मिळतात आणि महाविद्यालयीन खेळाडूला सामान्यतः चार मोसम, हे लक्षात घेता तिच्या घाईला दोष देणे सोपे पण अन्यायाचे आहे.

राहता राहिली किंमत. वसुंधराताईंचा कुमारांशी १९६२ मध्ये विवाह झाला, आणि पुढची तीन दशके त्यांचे गाणे रसिकांना बहुतांशी कुमारांच्या साथीतच ऐकू आले. स्वतंत्र गायिका आणि गुरू म्हणून त्यांचे नाव ठळक झाले ते मुख्यतः १९९२ मधील कुमारांच्या निधनानंतर, आणि पद्मश्री मिळाली ती २००६ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत. निवडलेला गुरू थोर असणे आणि त्याच्या सावलीत शिष्येच्या स्वतःच्या आवाजाला पुरेसा अवकाश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुरुलक्षणे सांगणाऱ्या या ग्रंथांनी पहिलीवर जेवढी शाई खर्च केली तेवढी दुसरीवर केलेली नाही.