फळाचा हिशेब कोणाकडे?

डिजिटल मार्केटिंगच्या एजन्सीत माणसाचे मोल रोज आकड्यांत ठरते: जाहिरात किती जणांनी पाहिली, किती जणांनी क्लिक केले, चौकशा किती आल्या. हैदराबादच्या हिमायतनगरातली एजन्सी असो वा पुण्यातली, तिथल्या असंतोषामागे पगार आणि रात्री-बेरात्री येणारे निरोप असतात. त्याखाली एक जुना तात्त्विक प्रश्नही आहे. जे फळ हाती नाही, त्याचा दोष कर्त्याला द्यावा का?

गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश मालकांना फार सोयीचा वाटतो: फळ मागू नका, राबत राहा. हा अर्थ अन्याय्य आहे. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला तिथे दुर्मती म्हटले आहे. जाहिरात चालते की पडते हे ग्राहकाचे बजेट, गूगल-फेसबुकचे अल्गोरिदम आणि बाजार यांवरही अवलंबून असते. तरी महिनाअखेरच्या बैठकीत उभा राहतो तो एकटा कर्मचारी.

टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाला लोकसंग्रहाशी, म्हणजे समाजाच्या हिताशी, जोडले. त्या कसोटीवर, ज्याला फसव्या जाहिराती लिहाव्या लागतात त्याची अस्वस्थता म्हणजे आळस नव्हे. ती विवेकाची खूण आहे.

रात्री-बेरात्रीच्या निरोपांतून उभा राहणारा विश्रांतीचा प्रश्नही धर्माबाहेरचा नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागताना तो खंडोबाचा वार असल्याचे सांगितले. १८९० मध्ये ती सुट्टी मिळाली.